पाठ फिरवलेला पक्षी

लाम्ब्रिनी म्हणाली, “सगळे पक्षी उजवीकडे बघणारे, आणि खालच्या रांगेत एकच पाठ फिरवून बसलेला,” आणि असिमीनाच्या हातातला कप बशीवर वाजला. आवाज लहान होता. ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर दर मंगळवारी दुपारी जमणाऱ्या त्या बायकांपैकी कुणाचं तिकडे लक्ष गेलं असं दिसलं नाही. दानाई, ग्रीसमधल्या यादवीच्या काळात लहान असलेल्या बायकांच्या आठवणी गोळा करणारी विद्यापीठातली तरुण मुलगी, टेबलावरचं रेकॉर्डिंगचं यंत्र लाम्ब्रिनीच्या जवळ सरकवत होती.

“मुद्दाम चुकवलेला?” तिनं विचारलं.

“मग काय, माझ्या आईला कांबळं विणता येत नव्हतं?” लाम्ब्रिनी म्हणाली आणि बायका हसल्या. “अगं पोरी, दृष्ट लागते. काम बिनचूक झालं की लोकांचे डोळे त्याच्यावर. म्हणून एक चूक ठेवायची. आमच्या वरच्या गावात प्रत्येक घराची चूक वेगळी. कुणी एक पान अर्धं सोडायची, कुणी काठाचा रंग मध्येच बदलायची. आमच्या घरचा हा पक्षी. आजीचाही हाच, पणजीचाही हाच. आणि डोळा पिवळा. त्यासाठी आईनं स्वतःच्या लग्नातल्या रुमालाचा धागा उसवला होता.”

असिमीनानं कप खाली ठेवला. कॉफीचा गाळ एका बाजूला कलंडला होता. त्याच्याकडे बघत तिनं स्वतःशी म्हटलं, एका नमुन्यावरून निष्कर्ष काढायचा नाही. शहराच्या पाण्याच्या प्रयोगशाळेत तिचं सगळं आयुष्य गेलं होतं, आणि हाताखालच्या मुलींना ती हे वाक्य इतक्यांदा सांगायची की त्या तिच्या पाठीमागे तिची नक्कल करताना तेच म्हणायच्या. ग्रामोस डोंगराच्या उतारावर गावं पुष्कळ होती, कांबळी पुष्कळ होती, पक्षी तर सगळ्याच बायका विणायच्या. पण पिवळ्या डोळ्याचं काय करायचं ते तिला कळेना. तो डोळा तिनं बोटानं चाचपलेला होता. पायाच्या अंगठ्यानंसुद्धा. ती आणि तिची थोरली बहीण फिलिओ त्या पक्ष्याला ‘रुसूबाई’ म्हणायच्या, आणि निजताना ज्या बाजूला तो येईल त्या बाजूला कुणी झोपायचं यावरून भांडायच्या. हे तिनं गेल्या मंगळवारी सांगितलं नव्हतं. बाकी सगळं सांगितलं होतं. आपली पाळी आली तेव्हा तिनं, जी कधी दोन वाक्यांवर बोलत नाही तिनं, लाल कांबळ्याबद्दल किती तरी वेळ सांगितलं होतं: बाहेर बर्फ, चुलीत चेस्टनट तडकताहेत, लांब डोंगरात तोफा धडाडताहेत, आणि आत आम्ही दोघी बहिणी, नाकापर्यंत पांघरलेल्या. त्या लोकरीला धुराचा आणि जुन्या पेटीत ठेवलेल्या फळांचा वास यायचा. लोक विचारतात, भीती वाटायची का, तर खरं सांगायचं म्हणजे मला युद्ध म्हटलं की ऊब आठवते. असं ती म्हणाली होती. शेवटचं वाक्य तिला स्वतःलाच आवडलं होतं. दानाईनं मान डोलावली होती, आणि समोरच्या खुर्चीत बसलेली लाम्ब्रिनी, तंबाखूच्या वखारीत पानं निवडत म्हातारी झालेली, जाड बोटांची लाम्ब्रिनी म्हणाली होती, “नशीबवान गं बाई. नाहीतर आम्ही.”

आता ती ‘नाहीतर आम्ही’चं सांगत होती. सत्तेचाळीसच्या शरदात सैनिक आले आणि गाव रिकामं करा म्हणाले, बंडखोरांना भाकरी कुठून मिळते ते बघतो. बाप बंडखोरांबरोबर डोंगरात. आईच्या कडेवर धाकटा भाऊ, लाम्ब्रिनीच्या डोक्यावर तांब्याचं भांडं. कांबळं वजनदार, म्हणून आईनं ते पेटीत घातलं, कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात बांधली, कारण सैनिकांतला एकजण म्हणाला होता की आठवड्याभरात परत याल. मग खालच्या शहरातली वखार, सिमेंटची जमीन, एका भिंतीशी एक कुटुंब. “त्या थंडीत आमचा धाकटा, स्ताथिस, गेला. खोकत खोकत. आई नंतर कधी देवाला बोलली नाही, सैनिकांना बोलली नाही. त्या भांड्याला बोलायची. म्हणायची, भांडं आणलं मी, भांडं! त्यात शिजवायला काय होतं? आणि कांबळं तिकडे जळालं. घरं जाळली ना नंतर. पेटीसकट गेलं असणार.” कुणीतरी तिच्या पाठीवर हात ठेवला. असिमीना सगळ्यात जवळ बसली होती. तिला हात उचलता आला नाही.

घरी जाताना ती समुद्राच्या बाजूनं चालत गेली. थेसालोनिकीत मार्चमध्ये वारा असा असतो की डोळ्यांतून पाणी येतं आणि कुणी कारण विचारत नाही. तिला एक गोष्ट आठवत होती जी इतकी वर्षं आठवणीतच होती, पण निराळ्या जागी ठेवलेली, चुकीची चिठ्ठी लावलेल्या बाटलीसारखी. आई खिडकीशी बसली आहे, मांडीवर कांबळ्याचं टोक, हातात सुई. लाल कांबळं त्या दिवशी ओढ्यावरून आलेलं, तिथं लाकडी हौदात वरून पाणी पाडून लोकर गरगर फिरवतात तिथून, आणि आई सारखी ते नाकाशी नेऊन हुंगत होती. वास पूर्ण गेला नव्हता. छोटी असिमीना विचारते, काय करतेस? आई म्हणते, एक टाका ढिला झालाय, काढतेय. हे चित्र तिनं ‘आई शिवणकाम करताना’ म्हणून जपलं होतं. आईच्या अंत्यविधीच्या दिवशी ती तेच डोळ्यांपुढे आणून रडली होती. आणि त्याच्याआधीचं चित्र: वडील दारात उभे, मिशांवर बर्फ, मागे खेचरं. वडील, झीसिस, सरकारच्या बाजूनं लढणाऱ्या गावच्या सशस्त्र पहाऱ्यातले, खालच्या गावातले सगळ्यात अबोल गृहस्थ. त्यांनी एक शब्द न बोलता दोघी मुलींच्या अंगावर काहीतरी जड, लाल टाकलं आणि दोघी त्याच्याखाली अंधारात हसत सुटल्या. आपल्यावर कुणाचं प्रेम आहे हे शरीराला पहिल्यांदा कळलं ते त्या वजनानं. हे ती कुणाला म्हणाली नसती, पण ते तसं होतं.

कपाटातून तिनं कांबळं काढलं, पलंगावर पसरलं, टेबलावरचा दिवा हातात धरून तिरपा केला. खालच्या रांगेत रुसूबाई होती. डोळा फिका झाला होता, पण पिवळाच. लाल रंग मंजिष्ठेचा, अजून पक्का. अशा लोकांना रंग पक्का करणं कुणी शिकवलं नव्हतं आणि तरी ते तिच्यापेक्षा चांगलं जाणत होते, असं तिनं प्रयोगशाळेतल्या मुलींना कौतुकानं सांगितलेलं होतं, ‘माझ्या आईचं काम’ म्हणून. काठाशी लोकर दबलेली दिसत होती, उसवलेल्या टाक्यांच्या खुणा, हाताच्या पंजाएवढ्या जागेत. कुठली अक्षरं होती ते वाचता येत नव्हतं. अक्षरं होती एवढं कळत होतं. मग तिनं एक केलं ज्याची तिला नंतर सगळ्यात जास्त लाज वाटली. कांबळं स्वतः उष्णता निर्माण करत नाही, असा विचार तिनं केला. ते फक्त अंगातली उष्णता अंगापाशी धरून ठेवतं. म्हणजे ती ऊब आमचीच होती. हे भौतिकशास्त्राच्या दृष्टीनं बरोबर होतं, आणि ते बरोबर आहे हे पाहून तिला बरं वाटलं, निदान दिवा परत टेबलावर ठेवेपर्यंत.

फिलिओला फोन लावला तेव्हा पलीकडे टीव्ही मोठ्यानं चालू होता.

“ताई, ते लाल कांबळं आपल्याकडे कुठून आलं?”

टीव्ही बंद झाला. “आज हे कशाला?”

“सांग ना.”

“बाबांनी आणलं.”

“कुठून?”

“वरून. वरून म्हणजे वरच्या गावातून, ढगातून नव्हे. तुला काय वाटत होतं इतकी वर्षं? आईनं विणलं? आईला मोजा विणता यायचा नाही धड.”

“मला कुणी सांगितलं नाही.”

“तू विचारलं कधी? तू झोपलेली असायचीस. आई त्या रात्री बाबांना म्हणाली, हे परत ठेवून या. बाबा म्हणाले, कुणाच्या घरात ठेवू? तिथं कुणी नाही. आणि पोरी कुडकुडताहेत. मग आई गप्प बसली. अर्ध्या गावानं आणलं, असिमीना. कुणी दारं काढून आणली, कुणी भांडी. आणि आपल्या काकाला कुणी मारलं? वरच्याच गावच्या पोरांनी. ओढ्यात सापडला तेव्हा आईनं त्याचं तोंड धुतलं, मी उभी होते तिथं. ते तुझ्या त्या ग्रंथालयात सांगितलंस का?”

“त्या बाईचा भाऊ गेला त्या थंडीत. तान्हा.”

फिलिओ थकलेल्या आवाजात म्हणाली, “आता तिला सांगितलंस म्हणून तो उठून बसणार आहे का? बाबांचं नाव तेवढं जाईल. आणि मिर्तोच्या लग्नात तोंड कसं दाखवायचं? विचार कर जरा. तू शिकलेली आहेस.”

मिर्तो ही असिमीनाच्या मुलीची मुलगी. लग्नाआधीच्या रविवारी बायका जमून तिचा पलंग सजवणार होत्या, नव्या चादरींवर बदाम आणि तांदूळ उधळून त्यावर कुणाचं तरी बाळ लोळवणार होत्या, आणि सगळ्यात वर ते कांबळं येणार होतं. अशा वेळी जमलेल्या बायका कापडाला हात लावून विचारतात, कुणाच्या हातचं? आणि घरची मोठी बाई नाव सांगते. असिमीनाच्या लग्नात तिची आई काय म्हणाली होती ते आठवण्याचा ती प्रयत्न करत राहिली. आठवलं ते एवढंच की आई त्या क्षणी पाणी आणायला आत गेली होती आणि उत्तर मावशीनं दिलं होतं. पाणी कुणी मागितलं नव्हतं. मुलीच्या लग्नात मात्र उत्तर असिमीनानं स्वतः दिलं होतं, अभिमानानं, मोठ्या आवाजात.

पुढच्या मंगळवारी ती गेली नाही. डोकं दुखतंय असं दानाईला कळवलं, आणि कळवल्यावर खरंच दुखायला लागलं. दुपारभर तिनं मनात निरनिराळे मार्ग चालून पाहिले. कांबळं निनावी पाठवायचं. बाजारात जुन्या कपड्यांत सापडलं असं सांगून द्यायचं. कुण्या संग्रहालयाला द्यायचं, खाली चिठ्ठी, ग्रामोसच्या उतारावरचं काम. प्रत्येक मार्गाच्या शेवटी लाम्ब्रिनी तिचे आभार मानत होती, आणि ते आभार ऐकायला ती स्वतः उभी होती. काहीच न करण्याचा मार्ग सगळ्यात मोकळा होता. त्याच्या शेवटी कुणीच नव्हतं. आईनं तोच घेतला होता, आणि पाणी आणायला जाता जाता म्हातारी झाली होती. संध्याकाळी असिमीनानं मिर्तोला फोन केला.

“आजी, बरं झालं तूच केलास. कांबळं धुवायला टाकू का मी? फोटोत ते मधोमध हवंय.”

“ते नाही मिळणार, बाळा.”

“म्हणजे? अगं, मी सासूबाईंना सांगून बसलेय, पणजीच्या हातचं आहे म्हणून.”

“पणजीच्या हातचं नाही ते. दुसऱ्या बाईच्या हातचं. तुझ्या पणजोबांनी युद्धात तिच्या घरातून आणलं.”

“आणलं म्हणजे विकत?”

“नाही.”

मिर्तो हळू आवाजात म्हणाली, “आजी, हे तिकडे कुणाला बोलू नकोस हं. प्लीज. मी सांगते, कसर लागली म्हणून.” असिमीनाला तिचा राग आला नाही. पोरीनं पणजीच्याच त्या ढिल्या टाक्याला हात घातला होता, इतक्या सहज, जणू घराण्यातून आलेलं कसब. “तू काहीही सांग,” ती म्हणाली. “मला कुणी विचारलं तर मी खरं सांगेन.” हे वाक्य फोन ठेवल्यावर तिला पोकळ वाटलं. विचारणारं कुणी नव्हतं.

लाम्ब्रिनीचा पत्ता दानाईनं दिला. कांबळं कुठल्याच पिशवीत मावेना, शेवटी कचऱ्याची मोठी काळी पिशवी घेतली, आणि बसमध्ये ती मांडीवर धरून बसली तेव्हा बायका जागा देताना तिच्याकडे जरा विचित्र बघत होत्या. वजन मांड्यांवर पसरलं. बसच्या धक्क्यांबरोबर खालून ऊब वर चढली आणि तिच्या शरीराला, त्या मूर्ख म्हाताऱ्या शरीराला, बरं वाटलं. ती उतरायच्या थांब्याच्या आधीच उठून उभी राहिली.

लाम्ब्रिनी पहिल्या मजल्यावर राहायची. तिनं दार उघडलं, एप्रनला हात पुसले, पिशवीकडे पाहिलं. “ये ये, केमिस्टबाई. हे काय आणलंस, मढं?”

“तुझ्यासाठी आहे.”

“आधी बस. डोकं दुखत होतं ना? दानाई म्हणाली. फार विचार करतात तुमच्यासारख्या, म्हणून दुखतं.” ती आत गेली आणि छोट्या बशीत आंबट चेरीचा मुरंबा, चमचा आणि पाण्याचा पेला घेऊन आली. हे परतवता येत नाही. असिमीनानं चमचा तोंडात घातला. गोड होतं, आणि ते गिळायला फार वेळ लागला. तिनं ठरवलेली वाक्यं होती, क्रमवार, कारण आणि मग परिणाम. ती सगळी त्या चमच्याबरोबर खाली गेली. ती उठली, पिशवीची गाठ सोडता येईना म्हणून प्लास्टिक फाडलं, आणि खालची रांग वर येईल असं कांबळं कोचावर टाकलं.

लाम्ब्रिनी वाकली. तिनं चष्मा घातला नाही. हात फिरवत नेला, जाड बोटं पक्ष्यांवरून एकेक करत गेली आणि थांबली. बाहेर कुणीतरी गालिचा झोडपत होतं. तो आवाज थांबला आणि परत सुरू झाला.

“मी लाल कांबळ्याबद्दल जे सांगितलं,” असिमीना म्हणाली, “ते हेच. माझ्या वडिलांनी तुमच्या पेटीतून...”

“कुलूप होतं,” लाम्ब्रिनी म्हणाली.

“फोडलं असेल.”

“फोडलंच असणार. किल्ली आईच्या गळ्यात होती, ती तिच्याबरोबर पुरली.” ती अजून वाकलेलीच होती. बोटं काठाशी गेली. “इथं माझं नाव होतं. माझ्या लग्नासाठी होतं ना. कुणी उसवलं?”

“माझ्या आईनं.”

“नीट उसवलंय. लोकर फाटू दिली नाही.” ती सरळ झाली, एक हात कमरेवर. चेहऱ्यावर काय होतं ते असिमीनाला वाचता आलं नाही. “तू लाल कांबळं म्हणालीस तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. लाल कांबळी घरोघर. पण मी पक्षी म्हटलं आणि तुझा कप वाजला. मग मंगळवारी तू आली नाहीस. मी म्हटलं, झालं, आता ही काही येत नाही. जळालं समजून जगले, आता चोरीला गेलं समजून जगू.”

असिमीना उभीच होती. माफ कर हा शब्द तिच्या तोंडाशी होता, पण तो मागणीसारखा वाटला, मुरंब्यानंतर आणखी काहीतरी मागितल्यासारखा.

“ऊब लागायची?” लाम्ब्रिनीनं विचारलं.

नाही म्हणावं, फारशी नाही म्हणावं, असं तिला इतक्या जोरानं वाटलं की ओठ हललेसुद्धा. “खूप,” ती म्हणाली.

“लागणारच,” लाम्ब्रिनी फटकन म्हणाली, जणू कुणी त्याबद्दल शंका घेतली होती. मग तिचं तोंड वाकडं झालं आणि ती एकदम खिडकीकडे वळली. “उचल. ते टोक धर. तुझ्या कपाटाचा वास मारतोय त्याला. असं मी पलंगावर घेत नाही.”

दोघींनी ते बाल्कनीत नेलं. कठड्यावरून बाहेर सोडलं, दोन-दोन टोकं घट्ट धरली, आणि झटकलं. जड होतं. दंडातून खांद्यापर्यंत कळ गेली. धूळ आणि लोकरीचे बारीक तंतू उन्हात उडाले आणि खालच्या अंगणात गालिचा झोडपणारी बाई ओरडली, “अगं ए लाम्ब्रिनी, मी खाली आहे ना! डोळे गेले का तुझे?” मग तिनं वर नीट पाहिलं. “अगं बाई. काय सुंदर आहे गं. कुणाच्या हातचं?”

लाम्ब्रिनीनं आपली टोकं धरून ठेवली आणि असिमीनाकडे पाहिलं. समोरच्या इमारतीतला, दोरीवर कपडे घालणारा एक माणूसही थांबून बघत होता.

“तिच्या आईच्या,” असिमीना म्हणाली.

“मग इतकी वर्षं कुठे लपवलं होतं?”

दोन्ही हात गुंतलेले होते. तोंड झाकायला एकही मोकळा नव्हता. “आमच्या अंगावर होतं,” ती म्हणाली.

“काय? ऐकू नाही आलं!”

लाम्ब्रिनी वाट बघत होती. असिमीनानं श्वास घेतला, कठड्यावरून पुढे वाकली, आणि तेच पुन्हा, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं.